जितकं आत, तितकं वर

जुन्या इमारतींची मोजणी करणाऱ्याला एक सवय लागते. टेप ज्याला टेकतो ते कागदावर उतरतं, बाकीचं उतरत नाही. दगड, वीट, चुना, सागवान यांवरच माझी इतकी वर्षं गेली. कॉलेजातही आम्हाला तेच शिकवलं होतं: पायाचा नकाशा, दर्शनी भाग, छेद, कमानीचा तपशील. गवत शिकवलं नाही. गवताचा कुणी छेद काढतो का?

गवताशी गाठ पडली ती एका सरायमुळे, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या आवारामुळे. जालना शहरात सराय होती, आणि ती नावाजलेली होती. कुंडलिकेच्या काठच्या या गावाबद्दल गॅझेटियरमध्ये वाचायला मिळतं, की काळी मशीद, हमाम आणि सराय ही कामं जमशेदखानाची. मोती तलावही त्याचाच, आणि तलावाचं पाणी गावात आणायला घातलेले जमिनीखालचे नळही. अनोळखी गावात उतरलेल्या माणसाला काय लागतं याची ही यादीच आहे: अंघोळ, नमाज, पाणी आणि पाठ टेकायला जागा. त्या काळातलं जालना म्हणजे श्रीमंत पेठ. नोव्हेंबर १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी ही पेठ लुटली ती इथे लुटण्यासारखं होतं म्हणून. त्या मोहिमेहून परतताना महाराज अकोले गावाजवळच्या पट्टा किल्ल्यावर थांबले आणि किल्ल्याचं नाव विश्रामगड पडलं. मुक्कामाच्या जागांचा शोध घेणाऱ्या माझ्यासारखीला हा योग गमतीचा वाटतो. जालन्याच्या लुटीने महाराष्ट्राला एक विश्रांतीस्थानही देऊन टाकलं.

बुऱ्हाणपूरकडून अजिंठ्याचा घाट चढून येणारी वाट, पैठणकडून येणारी वाट आणि खाली गोदावरी ओलांडून तेलंगणात जाणारी वाट, या सगळ्यांच्या मधोमध हा मुलूख पडतो. म्हणजे बैल, घोडे, लमाणांचे तांडे, फौजा, यात्रेकरू. फौजा आपले तंबू बरोबर घेऊन फिरतात, तांडेही उघड्यावर गोण्यांच्या भिंती रचून राहतात. प्रश्न उरतो सुट्या प्रवाशाचा. दोन बैल आणि चार गाठोडी घेऊन निघालेला व्यापारी किंवा देवाला निघालेलं म्हातारं जोडपं रात्री निजायचं कुठे?

याचं उत्तर मला एका फ्रेंच जवाहिऱ्याच्या पुस्तकात सापडलं. ताव्हेर्निये सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला, सुरतेहून गोवळकोंड्यापर्यंत हिऱ्यांच्या मागे फिरला, आणि त्याचा प्रवासग्रंथ १६७६मध्ये छापला गेला. इराणातल्या भक्कम कारवाँसराया पाहून आलेला हा माणूस आपल्याकडच्या सरायांवर जरा नाक मुरडूनच लिहितो. तो सांगतो की इथली सराय म्हणजे भिंतीने नाहीतर कुंपणाने वेढलेलं मोठं आवार, आणि आत पन्नास-साठ गवताने शाकारलेल्या झोपड्या. तिथे काही बाया-माणसं पीठ, तांदूळ, लोणी, भाजी विकतात, भाकरी-भात करून देतात, खोली झाडून देतात आणि एक बाज आणून टाकतात. अंथरूण प्रवाशाचं.

वाचताना मी थांबले. आपण ज्याला सराय म्हणून नकाशावर रंगवतो ती म्हणजे वेस, तट, कमानी, बुरूज. ताव्हेर्नियेच्या लेखी हे सगळं कुंपण होतं. माणूस निजायचा ते छप्पर गवताचं होतं. दिल्ली-लाहोर वाटेवरच्या बादशाही सरायांतल्या दगडी खोल्या वेगळ्या, आणि जालन्यासारख्या भरलेल्या शहरातल्या सरायचंही वेगळं. पण आडवाटेच्या, गावाबाहेरच्या साध्या मुक्कामाची वास्तुकला गवती होती, आणि तिचा एकही नकाशा कुणी काढलेला नाही.

मी काम करत होते ती जागा अशीच आडवाटेची. जालना आणि अंबडच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या गाडीवाटेला लागून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आवार आता एका शेतकरी कुटुंबाचं आहे आणि ते तिथे राहतात. गावात तिला कुणी सराय म्हणतं, कुणी धर्मशाळा, आणि शाळकरी पोरं बेधडक किल्ला म्हणतात. चौकोनी आवार, भोवती काळ्या दगडाची सोळा फूट उंच भिंत, पूर्वेला एक दरवाजा आणि दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना कमानीच्या ढेलजा. मध्ये मोकळं अंगण. एका कोपऱ्यात पायऱ्यांची विहीर, तिच्यात आता मोटार. भिंतीला आतून लागून गुडघाभर उंचीचा दगडी ओटा सगळीकडे फिरलेला. बस्स. खोली एकही नाही.

त्या कुटुंबाला आवाराची पडझड थांबवायची होती, थोडा निधी मिळण्याची शक्यता होती आणि त्यासाठी मोजणी करून अहवाल द्यायचा होता. आता ज्या सरायमध्ये खोलीच नाही तिचा अहवाल काय लिहायचा? तयार उत्तर एकच होतं: खोल्या होत्या, पडल्या, दगड लोकांनी नेले. मराठवाड्यात हे उत्तर नव्वद टक्के ठिकाणी खरं असतं. कुठल्याही गढीचे दगड शोधायचे असतील तर गावातल्या नव्या घरांच्या जोत्यांकडे बघावं. पण इथे खोल्यांच्या आडव्या भिंतींचा पायाच जमिनीत नव्हता. ओटा अखंड होता, त्यावर भिंत उभी राहिल्याची खूण नव्हती. दगडी खोल्या इथे कधी नव्हत्याच.

आणि ती भोकं. भिंतीच्या आतल्या अंगाला, साधारण साडेतेरा फुटांवर, दोन-दोन हातांच्या अंतराने एका ओळीत भोकं होती. गावात सगळे सांगायचे की या जंग्या आहेत, इथून बंदुका मारायचे. मी शिडी लावून हात घातला. कोपरापर्यंत हात जातो आणि पुढे दगड लागतो. भोक पलीकडे निघतच नाही. यातून बंदूक मारायची तर आपल्याच भिंतीला. शिवाय प्रत्येक भोकाची खालची कड आतल्या बाजूला उतरती घासलेली, जणू काहीतरी तिरपं लाकूड तिच्यावर वर्षानुवर्षं रेललेलं असावं. भोकांच्या वर अर्ध्या फुटावर भिंतीतून चार बोटं पुढे आलेला दगडांचा सलग थर होता, सगळ्या आवाराला फिरलेला. शोभेचा म्हणावा तर त्यावर ना नक्षी ना गोलाई. आणि शोभा असेल तर ती इतक्या उंचीवर, जिथे कुणी बघत नाही तिथे कशाला?

माळवदाची शक्यता मी आधीच खोडली होती. आपल्या भागातलं माळवद म्हणजे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, त्यावर किलचन, पाला आणि वर हातभर पांढरी माती. कड्यांसाठी भोकं चौकोनी, जवळजवळ आणि सपाट लागतात. शिवाय साडेतेरा फुटांवर माळवद कुणी घालत नाही. मातीचं ओझं तितक्या वर न्यायचं कशाला?

इथे आमचे मामा आले. मामा माझे कुणी नाहीत. त्या कुटुंबाच्या शेतावर काम करणारे, साठी ओलांडलेले, जन्मभर ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन, बायको आणि कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जायचं आणि उन्हाळा लागता लागता परतायचं. तिथे राहायचं ते कोपीत. बांबू, चटई, वर उसाचं पाचट. दरवर्षी नवी कोपी. मामांनी आयुष्यात किती कोप्या उभ्या केल्या असतील याचा त्यांनाही पत्ता नाही, आणि अंबड-घनसावंगी-मंठा भागातली हजारो कुटुंबं अजूनही असंच अर्धं वर्ष काढतात. वारसा म्हणून आम्ही ज्याचा शोध घेत होतो ते राहणं पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आवारात दर हिवाळ्यात उभं राहतं आणि दर उन्हाळ्यात मोडतं. कुणी त्याला वास्तुकला म्हणत नाही. म्हणू नयेच कदाचित, कारण त्या कोपीत थंडीच्या रात्री बाळंत होणाऱ्या बाईला वारशाचं कौतुक सांगणं हा निलाजरेपणा आहे.

मी शिडीवर उभी राहून भोकं मोजत होते आणि मामा खाली शेंगा खात बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ताई, वासे कुठं टेकले व्हते ते बघायलात का?"

मी म्हटलं, "कसले वासे, मामा?"

"छपराचे. दुसरं काय असतंय तितक्या वर." मग उठून त्यांनी ओट्यावर पावलं टाकली. भिंतीपासून आठ फूट, ओट्याच्या कडेच्या दीड हात अलीकडे. "इथपर्यंत आत. म्हंजी तितकंच वर. जितकं आत, तितकं वर. त्याच्या खाली गेलात तर पाणी गळतंय, पाचट कुजतंय."

हे ऐकून मी जागेवरच गणित केलं. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाणी पुढे ढकलतं. थेंब एका काडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर घसरत जातो आणि वळचणीला पडतो. उतार पुरेसा तीव्र असेल तर वरचा बोट-दोन बोटं थरच भिजतो, आतला कोरडा राहतो. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं, मुरतं, आणि छप्पर आतून सडतं. म्हणून गवताला निदान पंचेचाळीस अंशांचा उतार लागतो. मामा हे पंचेचाळीस अंश पावलांनी सांगत होते. आठ फूट खोल पडवी, म्हणजे वळचणीपासून आठ फूट वर आढं. वळचण माणसाला वाकून आत शिरता येईल अशी, साडेपाच फुटांवर. आठ आणि साडेपाच, साडेतेरा. भोकं बरोबर तिथेच होती.

मग सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. वरचा पुढे आलेला दगडी थर म्हणजे छपराची टोपी. एका पाखाचं छप्पर भिंतीला टेकवलं की सगळ्यात अवघड जागा तो सांधाच असतो. भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट छपरामागे शिरतं. चार बोटं पुढे काढलेला थर ते पाणी उचलून गवतावर सोडतो. आणि भिंतीची उंची? अहवालांत आणि गावातल्या गप्पांत या उंचीचं कारण चोर-दरोडेखोर. ते असेलही. पण चोराला बारा फूटही पुरेसे असतात. साडेतेरावर वासे, चौदावर टोपी, वर दोन फुटांचा कठडा, असे सोळा फूट गवताच्या उतारातून आले आहेत. जे गवत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाहीसं झालं असेल त्याचं माप दगडात राहिलं होतं.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र काजळी वाटते. कुठे स्वयंपाक होत असे हे शोधायला मी भिंतीवर धुराच्या खुणा पाहत फिरले. ओट्यालगतच्या भिंतीवर काही नाही. अंगणात विहिरीजवळ थोड्या भाजलेल्या मातीच्या खुणा. आणि दरवाज्यालगतच्या ढेलजांच्या कमानी आतून काळ्याकुट्ट. तिथे चूल होती. ताव्हेर्नियेच्या त्या भाकरी-भात करून देणाऱ्या बाया तिथे बसत असाव्यात. म्हणजे ज्याने कुणी हे आवार आखलं त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता: विस्तव दगडाखाली, झोप गवताखाली. पन्नास गवती खोल्यांच्या रांगेत एकाने चूल पेटवली आणि वारा सुटला तर रात्रीत सगळं संपलं. त्यामुळे महाग बांधकाम फक्त दोन ठिकाणी केलं, जिथे विस्तव आहे आणि जिथे दार आहे. आज आपण अग्निसुरक्षेचा दाखला घेतो, फाईल लावतो आणि स्वयंपाकघर मात्र जिन्याखाली काढतो.

दाराबद्दल इटालियन प्रवासी मनुचीने लिहून ठेवलंय. संध्याकाळी सरायचे दरवाजे बंद होत. सकाळी ते उघडण्याआधी रखवालदार ओरडून सगळ्यांना बजावत असे की आपापलं सामान तपासा. कुणाचं काही हरवलं असेल तर सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. एकच दार असण्याचा अर्थ हा. आमच्या आवारातही दार एकच आहे, आणि त्यात माणसापुरती दिंडी. दाराच्या आतल्या बाजूला अडसर सरकवायचा लांब बोगदा भिंतीत आहे. त्यात आता मधमाश्यांचं पोळं.

गुडघाभर ओटा का, हेही मामांनीच सांगितलं. मी ओल, साप, विंचू अशी कारणं दिली. ते हसले. "बैल मधी अंगणात बांधलेला असतोय. छप्पर साडेपाच फुटांवर. ओटा नसता तर रातीतून निम्मं छप्पर बैलांनी खाल्लं असतं." ओट्याची कड वळचणीच्या पुढे दीड हात आहे. बैलाची मान तितकी पोचत नाही.

आणि बैलाने खाणं ही काही थट्टा नव्हे. १९७२च्या दुष्काळात घरावरचं छप्पर उपसून जनावरांपुढे टाकल्याच्या आठवणी आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात. गवती छप्पर म्हणजे उंचावर ठेवलेला चारा. असलं बांधकाम सरकारी नोंदीत टिकेल कसं?

गवत गेल्यावर काय आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९००च्या आसपास निजामाच्या राज्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे धावू लागली आणि जालना तिच्यावरचं मोठं ठाणं झालं. मुक्कामाला लागणारी रात्र गाडीतच जाऊ लागली. आडवाटेच्या सराया ओस पडल्या. ज्या छपराला दर दोन-तीन पावसाळ्यांनी शाकारणी लागते ते रिकामं राहिलं तर पाच वर्षांत संपतं. दगडी कुंपण तेवढं उरलं.

गावांतली गोष्ट वेगळी. तिथे छपरं आणि माळवदं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत होती. मग ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आली. किल्लारी आमच्यापासून दूर, लातूर जिल्ह्यात. पण तो दिवस मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या बांधणीत शिरला. गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, त्यावर दर पावसाळ्याआधी नवा थर घालत घालत जड झालेलं माळवद, आणि खाली झोपलेली माणसं. हजारो गेली. तपासणीला गेलेल्यांनी तेव्हा एक गोष्ट नोंदवली आणि ती फारशी पुढे गेली नाही: कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर असलेली गरिबांची खोपटं बहुतेक उभी राहिली. त्यांच्यात पडून माणूस मारण्याइतकं वजनच नव्हतं. माणसांनी यातून माळवदाची भीती घेतली, खोपटाचा धडा घेतला नाही. गावोगाव पत्रे आले. जालन्यात तर सळया बनवणाऱ्या मिला शहराभोवती इतक्या, की स्लॅब घालणं म्हणजे घरचंच काम. मीही स्लॅबच्या घरात राहते आणि एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत भिंतीला हात लावत नाही.

मी आग्रह धरला की दुरुस्तीत आवाराच्या एका कोपऱ्यात एक खण गवताचा उभा करावा. खरी मापं, खरा उतार. निधी देणाऱ्या समितीतल्या लोकांचं म्हणणं होतं, पावसापासून भिंत वाचवायला तिथे पत्रा टाका, खर्च कमी आणि टिकाऊ. पत्र्याला पंधरा अंश उतार पुरतो. म्हणजे पत्रा टाकला की भोकं, टोपी आणि भिंतीची उंची पुन्हा निरर्थक झाली. पुढच्या पिढीला पुन्हा जंग्याच सांगायच्या. वाद बराच झाला. अंदाजपत्रकाच्या नमुन्यात गवती छपराला रकानाच नव्हता. तो खर्च शेवटी 'किरकोळ' या सदरात गेला, आणि मामांची मजुरी 'अकुशल' या सदरात. दुसऱ्या गोष्टीवर मी सहीच्या कागदाला वेगळं पत्र जोडलं. उत्तर आलेलं नाही.

खरी अडचण पैशांची नव्हतीच. गवत मिळेना. जुन्या माणसांनी सांगितलेली नावं होती: कुसळी, पवन्या, रोशा. कुसळी मिळायची ती गायरानावर, आणि गायरानं कुठे आहेत? काही नांगरली गेली, काहींवर घरकुलं झाली, उरलेल्यांवर बाभळी आणि प्लास्टिक. शेतकऱ्यांनी बांध इतके बारीक केलेत की त्यावर गवताची काडी उभी राहत नाही. कापसाच्या पळाट्या आणि तुराट्या हव्या तितक्या. त्यांचा कूड होतो, छप्पर होत नाही. शेवटी मोठा भाग उसाच्या पाचटाचा आणि वरचा हातभर थर कुसळीचा असं ठरलं. कुसळी भोकरदनकडच्या डोंगराळ भागातून आली. तिच्या कुसांनी सगळ्यांच्या कपड्यांची आणि मोज्यांची अशी काही वाट लावली की निम्म्या पोरांनी दुसऱ्या दिवशी पाय मागे घेतला.

बांधायला बारीक तार आणली होती. मामांनी ती हातात घेऊन बाजूला ठेवली. अंबाडीची दोरी हवी. दोरी पाण्याने फुगते आणि गाठ आवळते; तार गंजते आणि बांबू कापते. जालन्यासारख्या लोखंडाच्या गावात बसून लोखंड नाकारणारा माणूस मला आवडला. अंबाडी भिजवून, सोलून, वळायला त्यांच्या घरच्या मंडळींनी दुपारी काढल्या. मामींचा हात मामांपेक्षा सरस आहे, हे मामांच्या समोर कुणी बोलत नाही.

वासे भोकांत शिरवले तेव्हा घासलेल्या कडेवर ते असे बसले, की पाचरही ठोकावी लागली नाही. वाशांवर आडव्या कांबी, मग खालून वर जुड्या. बुडखा खाली, शेंडा वर, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर निम्म्याहून जास्त चढलेली. एक माणूस वर, एक आत. वरचा बांबूची लांब सुई दोरीसकट गवतातून खाली खुपसतो, आतला ती कांबीखालून घेऊन परत वर देतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे सगळं बोलून चालतं: "ये, ये, डावीकडं, हां, वढ." मी आत बसून सुई परत देण्याचं काम केलं. डोळ्यांत भुसा आणि मानेवर कुसळं. पण छेदाचा नकाशा काढायला याहून चांगली जागा नाही. छपराची जाडी, ओळींचं अंतर, दोरी किती लागते, सगळं हातात येत होतं. भिंतीशी शेवटची जुडी टोपीखाली कोंबताना चार बोटं अंतर नेमकं का, हे कळलं: तितक्यातच मूठ जाते.

एका बाबतीत मामांचं आणि माझं जमलं नाही. पाचटाखाली त्यांनी फ्लेक्स घातला, कुठल्याशा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. कोपीवर आता तसंच करतात, हा त्यांचा मुद्दा. मला तो नको होता. आतून छप्पर बघताना हसरे चेहरे दिसतात, हे एक. दुसरं असं, की प्लास्टिकवर गवताचा श्वास कोंडतो, बाष्प अडतं आणि गवत खालून कुजतं. मामा म्हणाले, "आमच्या कोपीत कुजायच्या आधीच आमी गाव सोडतोय." त्यांच्या दृष्टीने छपराचं आयुष्य हंगामाइतकं, माझ्या दृष्टीने निदान तीन पावसाळे. फ्लेक्स काढला, पण मामांना पटलं म्हणून नव्हे, मी अडून बसले म्हणून.

जूनच्या पहिल्या सरीत ते गळलं. थेंब-थेंब, दोन ठिकाणी. समितीतल्या एकाने लगेच फोटो काढला. मामा शांत होते. गवत पहिल्या पाण्याने बसतं, फुगतं, फटी बुजतात. जुलैत गळणं बंद झालं. आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास. कोकणातलं छप्पर असतं तर परीक्षा अवघड झाली असती. ऑगस्टमधल्या उघडिपीच्या दुपारी मी दोन थर्मामीटर लावले, एक या खणात आणि एक शेजारच्या पत्र्याच्या गोठ्यात. आकडे मी इथे देत नाही, कारण ती काही नीट केलेली चाचणी नव्हती. घरातली म्हातारी मात्र दुपारची बाज तिकडे हलवून मोकळी झाली.

आषाढी वारीला मुक्ताईंची पालखी मुक्ताईनगरहून निघून जालना-अंबड करत पंढरपूरला जाते. दिंडीतली काही माणसं पाण्यासाठी आवारात आली, ओट्यावर टेकली. त्यांच्यातल्या एका बाईंनी वळचणीला हात लावून विचारलं, "हे गळत कसं नाही?" मी उताराचं सांगू लागले तर त्या म्हणाल्या, "ते ठाऊक हाय. आमच्या आजोळी असंच व्हतं. मी दोरी कसली लावली ते इचारतेय."

आता तिसरा पावसाळा तोंडावर आहे आणि वरचा थर काळा पडलाय. टोपीखालच्या जुड्या ठीक आहेत. वळचणीच्या दोन ओळी बदलाव्या लागतील. कुटुंबाची तयारी आहे, गवताची नाही. भोकरदनकडच्या माणसाने या वर्षी कुसळीचा भाव दुप्पट सांगितलाय. मामांचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. त्यांचा मुलगा मिलमध्ये पाळीवर जातो, रविवारी येतो म्हणालाय, पण त्याला फक्त वरून काम जमतं, आतून सुई घेणारं माणूस हवं. मामी म्हणतात त्या बसतील आत. अंदाजपत्रक मी पुन्हा भरलंय आणि या वेळी मजुरीच्या रकान्यात दोघांपुढे 'कुशल' लिहिलंय. ते मंजूर झालं नाही तर जुना दर आणि नवा दर यातला फरक कुणी द्यायचा, यावर येत्या शुक्रवारी बैठक आहे.